उत्तराला एकच मार्क

राजारामपुरीत माझा दातांचा दवाखाना खाली आणि शमुवेल सरांचा गणिताचा क्लास बरोबर त्याच्या डोक्यावर. मी पेशंटच्या तोंडात मशीन घातलं रे घातलं की वरून फळ्यावर डस्टर आपटायचं आणि पाठोपाठ सरांची आरोळी यायची, "उत्तर पुस आधी! स्टेपा कुठं हायत? स्टेपा दाखीव!" पेशंट खुर्चीत दचकायचा. "तुम्हाला नाही म्हणाले," मी सांगायचे. एकदा मात्र माझाच हात हलला, तशी मी तरातरा जिना चढून वर गेले आणि भरल्या वर्गासमोर म्हणाले, "सर, खाली माणसं जबडा उघडून बसलेली असतात, जरा दमानं घ्या." सरांनी खडूचे हात पँटला पुसले. "सलाम, डॉक्टर. आपलं दोघांचं काम एकच की. तुमीबी तोंड उघडाय लावता, मीबी लावतो." पोरं खिदळली. मी तणतणत निघाले खरी, पण जिना उतरेपर्यंत मलाही हसू फुटलं.

सलाम हा आम्हा ख्रिस्ती माणसांचा नमस्कार. सर मला रविवारच्या उपासनेत बघत असणार, माझंच त्यांच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. सावळा, आडव्या हाडाचा माणूस. मूळचे कागलकडचे, त्यामुळे इंग्रजी पुस्तकातली गणितंसुद्धा ते कागलच्या बोलीत सोडवायचे. शर्टाच्या खिशात कायम खडूचे तुकडे असायचे. चर्चमध्ये दानाची पिशवी समोर आली की नोटेबरोबर एखादा खडूही आत पडायचा. "देवालाबी लागतोय की फळ्याला," असं म्हणून ते तो परत काढूनही घ्यायचे नाहीत.

पोरांना ते पुन्हा पुन्हा सांगायचे, "उत्तराला एकच मार्क असतोय, बाबांनो. बाकीचं सगळं स्टेपांना. उत्तर काय, मागच्या पानावर छापलेलंबी असतंय." हाच माणूस दर गुरुवारी संध्याकाळी, शेवटची बॅच सुटली की त्याच बाकांवर चर्चमधल्या आठदहा जणांना बसवून बायबलातल्या स्तोत्रसंहितेचा अभ्यास घ्यायचा. आई गेल्यानंतर मीही जायला लागले. खरं सांगायचं तर घरी एकटीला संध्याकाळ खायला उठायची, म्हणून गेले. भक्तीबिक्ती काही नव्हती.

तोवर स्तोत्रं म्हणजे माझ्या लेखी औषधाचा डबा होता. मयताला तेविसावं, प्रवासाला एक्क्याण्णवावं, परीक्षेला एकशे एकविसावं. सरांना हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हंजे डोकं दुखलं की गोळी. डॉक्टर, तुमी देवाला मेडिकलचं दुकान करून टाकलंय की." त्या दिवशी तेरावं स्तोत्र चाललं होतं. छोटंसं आहे ते, दाविद राजाचं, सहाच वचनांचं. आधीची चार नुसती विचारणा आणि गयावया, हे किती काळ चालायचं म्हणून, आणि शेवटची दोन भरवशाची, गाण्याची. सगळ्यांना आवडलेलं वचन सांगायचं होतं. मी शहाण्यासारखं शेवटचं सांगितलं आणि वर जोडलं, "आई सुटली. देवाची इच्छा. मी समाधानी आहे."

सर म्हणाले, "उत्तर बरोबर हाय. स्टेपा कुठं हायत?"

"कसल्या स्टेपा?"

"वरची चार वचनं तुमी गाळलासा की. दाविदानं गाळली न्हाईत. राजा माणूस, पण देवाम्होरं भांडाय बसलाय. तुमी कीड न काढताच वर सिमेंट भरताय, डॉक्टर. तुमच्या पेशंटला चालंल काय असलं?"

माझ्या तोंडाला फाटक नाही असं आई म्हणायची. ते तोंड त्या दिवशी देवासमोर पहिल्यांदा उघडलं. आईचे ते शेवटचे महिने, तिचं कण्हणं, माझ्या प्रार्थना आणि त्यावर देवाचं ढिम्म न हलणं, सगळं मी बाकावर बसून ओकले. शेजारच्या सगुणामावशी, आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी रडून थांबल्यावर सर म्हणाले, "आता झाली प्रार्थना. शेवटची दोन वचनं आज म्हणायची गरज न्हाई. ती येत्यात त्यांच्या टायमाला." ती आली, पुढच्या वर्षी कधीतरी, मी आईच्या हातचं भाजी-भाकरीचं ताट आठवत एकटी जेवत होते तेव्हा. देवावर माझा विश्वास त्याआधीही होता, पण ओळख तेव्हापासूनची.

सरांची बायको पूर्वीच वारलेली होती. मुलगा एकच, विनय. विनू. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय असतो ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पेठेची टीम हरली की घरात चूल पेटत नाही. विनू पेठेकडून खेळायचा आणि झकास खेळायचा. सरांना तो इंजिनीअर व्हायला हवा होता. बारावीला गणितात आपटला. त्या संध्याकाळी तो क्लासमध्ये चावी मागायला आला, तेव्हा सर भरल्या वर्गासमोर म्हणाले, "बघा रे, हजार पोरांची गणितं दुरुस्त केली म्या. ही एक चूक घरातच ऱ्हायली." मी खाली होते, तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला. जिना उतरून विनू माझ्या दारात क्षणभर थांबला, मला म्हणाला, "सलाम, डॉक्टर," आणि गेला. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूची बस धरली. तिथल्या एका शाळेत पोरांना फुटबॉल शिकवतो, एवढंच पुढं कानावर आलं.

दर रविवारी उपासना सुटली की चर्चच्या पायरीवर बसून सर त्याला व्हॉट्सअ‍ॅप करायचे, "सलाम विनू. जेवलास का?" टिका निळ्या व्हायच्या. उत्तर यायचं नाही. सर फोन खिशात टाकायचे, खडूशेजारी, आणि चेहऱ्यावर असं हसू आणायचे की बघवायचं नाही. वर्षामागून वर्षं हेच.

एका गुरुवारी सगुणामावशींनी साधेपणानं विचारलं, "सर, विनूचं काय कळलं का वं?"

"त्यो प्रभूच्या हातात हाय, मावशी," सर म्हणाले. "मी निश्चिंत हाय."

माझं तोंड! ते थांबतंय होय? "सर, उत्तर बरोबर आहे," मी म्हणाले. "स्टेपा?"

सरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यांनी बायबल मिटलं, "आज इतकंच," म्हणाले आणि खिडक्या लावायला लागले. पुढच्या गुरुवारी क्लासला कुलूप होतं. सगुणामावशी मला जिन्यात म्हणाल्या, "दुखऱ्या दाताला हात लावलायस बाई." मी म्हटलं, "दुसरं काय येतं मला?" पण आतून मी हबकले होते.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी मी शटर ओढायच्या बेतात होते, तेवढ्यात सर आत आले आणि थेट पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले.

"दात दुखतोय?"

"दात न्हाई. बसू दे जरा." त्यांनी मान मागं टेकली आणि डोळे मिटले. "दाखवतो स्टेपा. मधे बोलू नका."

मग ते बोलायला लागले, माझ्याशी नाही, वर बघून. "देवा, म्या पोटच्या पोराला चूक म्हटलं. पोरांम्होरं म्हटलं. तवा तू माझं तोंड का धरलं न्हाईस? राग आलाय मला. त्याचा येतोय, एक शब्द टाकत न्हाई म्हणून. तुझा येतोय, एवढी वर्षं मागून तू ऐकत न्हाईस म्हणून. निश्चिंत हाय म्हणतो मी लोकांस्नी. कशाचा निश्चिंत? रिक्षा थांबली की खिडकीत जातोय." त्यांनी खिशातला खडू काढून मुठीत धरला. "क्रुसावर मेलेला तुझा पोरगा तुला तिसऱ्या दिवशी परत मिळाला, देवा. मी कवर बसू?"

असं कुणी देवाला म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मी हळूच विचारलं, "आणि शेवटची दोन वचनं, सर?"

"न्हाईत. आज अठ्ठ्याऐंशीवं हाय." ते स्तोत्र अंधारातच संपतं, त्याच्या शेवटाला कसलाच दिलासा नाही. सर उठले, त्यांनी माझ्या बेसिनवर तोंड धुतलं. "तरीबी पुस्तकात ठेवलंय की नई त्याला? कुणी फाडून टाकलं न्हाई. अपुरं गणितबी त्यो तपासून घेतोय, डॉक्टर." आणि चारच्या बॅचला वर गेले.

गुरुवार पुन्हा सुरू झाले. पण सर बदलले होते. पोरांवरची आरोळी तीच राहिली, चुकलेल्या पोराशेजारी मात्र आता ते बाकावर टेकायला लागले. आम्हाला ते आता शिकवायचे कमी आणि आमच्यातलेच एक होऊन मागायचे जास्त. "माझा विनू," एवढंच म्हणून कधी कधी थांबायचे. आम्ही सगळे त्या थांबण्यात त्यांच्याबरोबर थांबायचो. रविवारचा मेसेजही बदलला. मला दाखवला त्यांनी. "विनू, मी त्या दिवशी जे बोललो ते खोटं होतं. तू चूक न्हाईस. चूक माझी हाय. तुझी लई आठवण येत्या." टिका निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. या वेळी मात्र सर उगीच हसले नाहीत, पायरीवर बसून उघड रडले, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता.

गेल्या थंडीत, सकाळच्या बॅचला फळ्यावर लिहिता लिहिता सर खाली बसले ते उठले नाहीत. मी धावत वर गेले तेव्हा पोरं भिंतीला चिकटून उभी होती आणि फळ्यावर गणित अर्धं होतं. दुसऱ्या दिवशी दफनभूमीत पाळकसाहेबांनी तेविसावं वाचलं. मी मनात अठ्ठ्याऐंशीवं म्हणत होते. माती टाकायच्या वेळी गर्दीच्या कडेनं एक दाढीवाला तरुण पुढं आला, मूठभर माती घेतली आणि ती सोडेचना. मुठीतच धरून बसला. सगुणामावशींनी त्याची बोटं उलगडली.

तिसऱ्या दिवशी विनू दवाखान्यात आला. क्लासची चावी माझ्याकडे होती. मी ती टेबलावर ठेवली, पण त्यानं उचलली नाही.

"मेसेज सगळे वाचलेत मी," तो म्हणाला. "लिहायला घ्यायचो, खोडायचो. म्हटलं, शाळेतल्या पोरांची स्पर्धा झाली की सुट्टी घेऊन समोरच जाऊ." त्याचा आवाज बापाचाच होता, तोच घोगरा. "डॉक्टर, एकच सांगा. बाबांनी मला माफ केलं होतं का?"

'हो' म्हणायला मला काय लागत होतं? खरंच होतं ते. पण माझ्या डोक्यावर डस्टर आपटल्यासारखं झालं. वर कुणीही नव्हतं, आता कुणीही नसणार होतं, आणि तो आवाज ऐकायला माझा जीव तुटत होता.

"उत्तर एका शब्दाचं आहे विनू, पण ते तसं द्यायचं नाही," मी म्हणाले. "त्या खुर्चीत बस. तुझे बाबा तिथंच बसले होते."

तो बसला. त्यानं मान मागं टेकली आणि डोळे मिटले. मी शटर खाली ओढलं आणि माझं स्टूल त्याच्याजवळ सरकवलं.

"वेळ आहे ना तुला?"

"हाय की," तो म्हणाला. "पहिल्यापासनं सांगा. काय गाळू नका."