डॉक्टरचा कान

बोटी दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला! हातोडीच्या लाकडी मुठीने बोटीच्या अंगावर टकटक करायची आणि फायबरच्या आतलं लाकूड धड आहे की कुजलंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचं, हे त्याचं तीस वर्षांचं काम. धड लाकूड टणटणीत वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. तो खडूने खूण करील तिथेच करवत चालायची. ओल मोजायचं यंत्र आणलं, तर त्याने ते कपाटात कोंबलं.

गोची अशी, की गेली दोन वर्षं डॉक्टरला नीट ऐकूच येत नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून तो वेळ मारून न्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची! कारखाना धाकट्या भावाचा. त्याने दोनदा आडून विचारलं, तर हा वसकन अंगावर गेला. लेकीने विचारलं, तर तिच्याशी आठवडाभर अबोला. कान गेला म्हणजे डॉक्टरकी गेली, आणि डॉक्टरकी गेली की मागे उरणार फरशी पुसणारा म्हातारा. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला मनापासून वाटायचं.

लेक त्याच तळ्यावर लोकांना पाण्यावरचे खेळ शिकवायची. तिच्यासाठी धाकट्याने कारखान्याच्या जुन्या स्कीच्या बोटीवर टॉवर चढवायचं ठरवलं. टॉवर म्हणजे डोक्यावरून जाणारी जाड नळ्यांची कमान. दोरी कमानीच्या माथ्याला बांधली की मागे फळीवर उभा असलेला माणूस उंच उड्या मारू शकतो. पण मग सगळी ओढ बोटीच्या दोन्ही काठांवर येते. काठातलं लाकूड कुजकं असलं तर टॉवर उपटून थेट मागच्याच्या अंगावर.

सगळे कारागीर भोवती उभे राहिले. डॉक्टरने ऐटीत हातोडीची मूठ आपटली, डोळे मिटले, मान डोलावली. त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

"खणखणीत आहे. पाडा भोकं," तो म्हणाला.

भोकं पाडायचा मानही त्याचाच. ड्रिल आत गेलं आणि बाहेर आला तो काळा, ओला भुसा. कोरडा पिवळा नव्हे, भिजलेल्या चहापत्तीसारखा! त्याने चटकन तळव्याने भुसा पुसला आणि पँटला हात घासला. बोल्ट आवळले तर ते घट्ट बसायचे सोडून लाकडात रुतत चालले. तेव्हा तरी बोलावं की नाही माणसाने? पण सुंभ जळाला तरी पीळ जातोय कसला! त्याने खाली मोठ्या पत्र्याच्या पट्ट्या लावल्या, वरून रंगाचा हात फिरवला आणि मनाशी म्हणाला, धरेल. एखादा महिना तरी धरेल, मग गुपचूप उघडून नीट करू.

पण धाकटा म्हणाला, चाचणी आत्ताच. आणि दोरीला कोण, तर लेक.

लेक पाण्यात उतरली, फळी पायांना बांधली, दोरीची मूठ धरली. डॉक्टर नुसता धक्क्यावर उभा. बोट निघाली. दोरीचं वेटोळं एकेक पदर सुटत गेलं. अजून वेळ आहे, अजून आहे, असं तो स्वतःला सांगत राहिला. दोरी पाण्यावर उचलली गेली, ताणली, लेकीचे खांदे पुढे ओढले गेले, आणि मग कुठे त्याला कंठ फुटला. "थांबवा! लाकूड कुजलंय! थांबवा!"

बोट लगेच थांबली. जरा जास्तच लगेच. चालवणाऱ्याला वेग वाढवायचाच नाही असं धाकट्याने बजावून ठेवलं होतं.

धाकटा समोर आला आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, "दादा, कुजलंय हे मला दहा दिवसांपूर्वीच कपाटातल्या यंत्राने कळलं. तुला कधी कळलं?"

"भोक पाडताना," डॉक्टर म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं, ते त्याला ऐकू आलं नाही. दिसलं मात्र.

लेक निथळत धक्क्यावर चढली. तिलाही सगळं ठाऊक होतं. काकाने सकाळीच सांगितलं होतं आणि ती आपण होऊन पाण्यात उतरली होती. वाकून पायाचे पट्टे सोडता सोडता ती काहीतरी म्हणाली. तोंड खाली, ओठ दिसेनात.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

ती सरळ उभी राहिली आणि धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी घसा ताणून ओरडली, "दोरी ताणेपर्यंत गप्प राहिलात, बाबा! मी एकेक पदर मोजत होते!"