लिहिणारी कल्हई

टोकावड्याला सून म्हणून आले तरी लोक मला शहापूरच्या कंपाउंडरची पोरच म्हणत. वडील तिथल्या दवाखान्यात होते आणि मी अक्षरं शिकले ती बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. लाल चिठ्ठीच्या एका बाटलीला मात्र हात लावायची बंदी. मुरगळलेल्या पायाच्या पट्ट्या भिजवायचं ते पाणी. त्यात शिशाचा क्षार होता. वडील सांगत, "जो धातू आंबटात विरघळतो, तो पोटात उतरतो. तांबं उतरलं तर मळमळ आणतं, बोंब मारतं. शिसं गोड लागतं. गप्प राहणाऱ्याला जास्त भ्यावं."

सासरी त्या बोंबेला शब्द होता: कळकणं. पितळी टोपाची कल्हई उडाली की त्यातली कढी कळकते, तोंडात धरवत नाही. आणि कळकली नाही म्हणजे कल्हई चांगली, हा सासूबाईंचा न्याय. गावात सगळ्यांचाच तो न्याय होता.

लढाईच्या दिवसांत कल्हईला लागणारं कथील मिळेनासं झालं होतं. तरी कल्हईवाला दिवाळीआधी आला आणि आमचा मोठा टोप चकचकीत करून गेला. चार दिवसांत ती चमक निळसर काळवंडली. भातकापणीची दहा माणसं जेवायला बसत होती, त्याच टोपात कढी होती. मी वरची कड फडक्याने पुसली, तर फडकं काळं झालं. सुरीने थोडं खरवडून तो तुकडा कागदावर ओढला. काळी रेघ उठली. कथील असं लिहीत नाही, शिसं लिहितं. वडिलांनी मला ते करून दाखवलं होतं.

माझी वर्षाची मुलगी सासूबाईंच्या मांडीवर बसून कढीभात खात होती. मी तिच्या तोंडापुढची वाटी ओढून घेतली, टोप उचलला आणि सगळ्यांदेखत अंगणात पालथा केला.

सासूबाई उठल्या. "काय केलंस गो? कढी कळकली नव्हती."

"नव्हतीच. ही कलई कागदावर लिवते, यात शिसं हाय. शिशात कळकत नाय, म्हनून तर ओतली."

"लोखंडाच्या कढईत चिंच काळी पडते. ती खाऊन कोन मेला?"

लोखंडही आंबटात विरघळतं, तरी ते अंगाला चालतं. शिसं का चालत नाही, हे वडिलांनी कधी सांगितलंच नव्हतं. दहा माणसं हात थांबवून माझ्याकडे बघत होती. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग आला होता.

"ते मला ठाव नाय," मी म्हणाले. "आज कोनी मरनार पन नाय. पन माजी पोर या टोपातलं खानार नाय, आनि तुमी पन नाय."

माणसं मिरचीच्या ठेच्याबरोबर कोरडा भात जेवली. अन्नाचा असा अपमान घरात कुणी पाहिला नव्हता. नवरा म्हणाला, आईची माफी माग. मी मागितली नाही. त्या ओतलेल्या कढीबद्दल आजही मागणार नाही. सासूबाईंनी महिनाभर अबोला धरला, टोप गोठ्यात पालथा पडला आणि कढी मडक्यात शिजू लागली.

पुढच्या वर्षी तोच कल्हईवाला दारात आला. सासूबाईंनी तो टोप आणून त्याच्यापुढे ठेवला. टोप पुन्हा ओतायची वेळ आली तर ओतीन, असं मनाशी ठरवून मी उंबऱ्यात उभी राहिले.

सासूबाईंनी पदराआडून एक कागद काढला. आयुष्यात लेखणी न धरलेली ती बाई. कल्हईवाल्याच्या हातातली धातूची कांडी त्यांनी घेतली.

"तुजी कलई लिवते का, बगू आदी," त्या म्हणाल्या आणि कांडी कागदावर ओढली.

रेघ उठली. सासूबाईंनी कांडी त्याच्यापुढे ठेवली, टोप उचलला आणि माझ्या अंगावरून आत जाताना म्हणाल्या,

"मडक्यातच कर गो कढी. पोर भुकेली असंल."