माठाची जागा

"मार खाते का, ते मंग सांग. आधी सांग, घरातलं सामान जागेवर रायते का?"

समोरच्या कोणत्याही अंध स्त्रीला आमच्या बाईंचा पहिला प्रश्न हा. बाई स्वतः जन्मांध, कारधा गावच्या, अंध मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. घरी छळ सोसणाऱ्या अंध बायकांना हाताला धरून त्या भंडाऱ्याला आमच्या, घरगुती छळाचे अहवाल कोर्टाला पाठवणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणायच्या आणि दारातूनच खणखणीत 'जयभीम' करायच्या. मी तिथे अर्ज लिहून घेणारा कारकून. त्या प्रश्नाचा अर्थ मला कळत नसे, हे तुम्हाला मोकळेपणाने सांगतो.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. कोणी अडखळायला नको म्हणून त्यांची काठी उचलून कोपऱ्यात ठेवली.

"माही काठी कोनं हलवली?"

मी धावत जाऊन कोपऱ्यातून काठी आणली.

"मी, बाई. मदत म्हणून..."

"मंग मले बी उचलून कोपऱ्यात ठेवा न!" आणि स्वतःच खदखदून हसल्या. मी दिवसभर ओशाळलेला.

मग बाईंसोबत जवळच्या शहापूरची ती आली. अंध, विशी-पंचविशीची.

"मारत नाही जी नवरा. माठ हलवते. खाट आडवी लावते. मी पडली का हासते."

चार वर्षे हेच. तिला वसतिगृह नको होते, माहेर नको होते. आपल्याच घरात न पडता राहायचे होते, बस्स.

आमचे अधिकारी साहेब म्हणाले, "अंगावर एक वळ नाही. लिहू काय?"

बाई पुढे सरसावल्या. "साहेब, चहा घ्या न जी. पण डोळे मिटून."

साहेबांनी हसत डोळे मिटले. बाईंचा हात टेबलावरून फिरला. कप बाजूला सरकला आणि त्याच्या जागी आला शिपायाने नुकताच उघडलेला स्टॅम्पपॅड! साहेबांची चार बोटे जांभळी. शिपाई तोंड दाबून बाहेर पळाला.

"तुमचं एका मिनिटात असं झालं," बाई म्हणाल्या. "इले चार वर्सं झाले."

साहेब हसले नाहीत. त्याच बोटांनी त्यांनी पेन उचलला. माठ, खाट, उंबऱ्यातली बादली, एकेक वस्तू अहवालात चढू लागली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. हो, भर कार्यालयात!

कोर्टाचा आदेश झाला: घरात ती राहील, नवऱ्याने पाऊल टाकायचे नाही. आम्ही तिला घेऊन शहापूरला निघालो. ऑटोत बाईंना दम निघत नव्हता. "आलं का? आता तरी आलं का?"

घरात नुसता पसारा. मी खाट उचलायला वाकलो.

"तुमी नाही," बाई कडाडल्या. "घर तिचं हाये. तिले लावू द्या."

तिने सगळे स्वतः लावले. खाट, माठ, मिठाची बरणी. मग दारापासून माठापर्यंत गेली, हात पुढे न करता. परत आली. पुन्हा गेली.

बाई गेल्या त्याला आता तीन वर्षे झाली. मला त्या तशाच दिसतात, उंबऱ्यात उभ्या, माझी बाही ओढत.

"सांगा न जी, कशी चालून राहिली?"

रोज पानेच्या पाने लिहिणारा मी, तेव्हा तीनच शब्द बोललो.

"धावून राहिली, बाई."