चाळीस दिवसांची बैठक

मी खामगावला नांदायला आले आणि वर्ष भरायच्या आत आमच्या ह्यांना कुंडलिनीचा नाद लागला. हे तहसील कचेरीत कारकून. घरून कचेरीत आणि कचेरीतून घरी, असा सरळ माणूस. पिंपळगाव राजाला एक म्हातारे, नोकरीतून मोकळे झालेले मास्तर राहत. ते तरुणपणी कुठल्याशा साधूजवळ योग शिकले होते. हे कचेरीच्या कामानं त्या गावी गेले आणि येताना मास्तरांकडून साधना घेऊन आले. दुसऱ्यांचे नवरे बाहेरगावाहून येताना मिरच्या आणतात, फार तर लुगडं आणतात.

साधनेचे नियम मला तोंडपाठ होते, कारण त्यांच्याखाली मीच दबले होते. चाळीस दिवसांचं एक मंडळ. रोज पहाटे चारच्या ठोक्याला बसायचं, तोच पाट, तीच दिशा, तेवढीच आवर्तनं. चार मात्रा श्वास आत घ्यायचा, सोळा मात्रा कोंडायचा, आठ मात्रांत सोडायचा. मात्रा मोजायची रीत अशी की डावा तळहात गुडघ्याभोवती एकदा फिरवायचा आणि चुटकी वाजवायची. मंडळ चालू असेतो स्त्रीसंग नाही. वेळ टळली, आवर्तन कमीजास्त झालं, तर मागचं सगळं पाण्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला दिवस. आणि मंडळ पुरं होईतो हा नेम बाहेर बोलायचा नाही. बोलला की फळ गेलं. बायकोला सांगायची तेवढी मास्तरांनी मुभा दिली होती, मोठे उपकार केले.

सासूबाई आमच्यातच राहत. त्यांना एवढंच माहीत की पोरगा पहाटे उठून देवाचं करतो, आणि बाहेरच्या खोलीत निजतो कारण आत उकडतं. पौषातही ह्यांना उकडायचं.

घर कचेरीजवळ होतं. खजिन्यावरचा पहारेकरी तासातासाला टोले देई ते स्वच्छ ऐकू येत. चार पडले की बाहेरून चुटक्या सुरू व्हायच्या. मी चुलीपाशी बसून ऐकायची. पुढं पुढं माझाही श्वास त्या चुटक्यांवर चालायला लागला, सोळापर्यंत मीही कोंडून धरायची आणि मग स्वतःवरच चिडायची. ह्यांच्या धोतरांना डाव्या गुडघ्यावर भोकं पडत. शिवायला मी होतेच.

पण मंडळ काही पुरं होईना. एकदा श्वास कोंडलेला असताना शिंक आली. एकदा डोळा लागला. एकदा साहेबांबरोबर वरवट बकालला मुक्काम पडला, तिथं टोले कुठले? वेळ कळली नाही. दर वेळी नापास पोरासारखं तोंड करून घरात यायचे आणि म्हणायचे, उद्यापासून. उद्यापासून म्हणजे माझ्या हिशेबी आणखी सव्वा महिना. अशी दोन वर्षं गेली.

आणि इकडे सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. महिन्याच्या महिन्याला मी बाजूला बसले की त्या पदरानं तोंड पुसत. शेजारणीला सांगत, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आता पोहरा आडात सोडलाच नव्हता, हे मी कोणाला सांगू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. वाईट बाई नव्हत्या त्या. आजारात त्यांनी माझे पाय चेपलेत. पण एकुलत्या एका पोराचा वंश बुडतो म्हटल्यावर त्यांना झोप येत नव्हती, आणि एक दिवस त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की रोहिणखेडच्या त्यांच्या भावानं एक मुलगी पाहिली आहे. तू मोठी म्हणून राहशील, तुझा मान तसाच राहील, म्हणाल्या. त्या काळी दोन बायका करायला कायदा आडवा येत नव्हता आणि लोकही नावं ठेवत नव्हते.

मी ह्यांना म्हटलं, आईला खरं काय ते सांगा. हे म्हणाले, मंडळ पुरं होऊ दे, मग सांगतो. आता थोडेच दिवस राहिले आहेत. थोडेच दिवस राहिले होते हे खरंच होतं.

तेवढ्यात महायुद्धापायी सरकारनं घड्याळं एक तास पुढं केली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. गावात दोन टाइम झाले, नवा आणि जुना. कचेरी नव्या टायमानं उघडायची, गायी जुन्या टायमानं दूध द्यायच्या. पहारेकरी नव्या टायमाचे चार द्यायचा तेव्हा जुन्याचे तीन असायचे. ह्यांना कोडं पडलं की आपले चार कोणते. गुरूनं सांगितलेली वेळ ठोक्याची की आभाळाची? मास्तरांना विचारायला जावं तर रजा नाही. मग ह्यांनी काय करावं? दोन्ही वेळेला बसले. नव्या चाराला एकदा सगळी आवर्तनं, तास झाला की जुन्या चाराला पुन्हा सगळी. म्हणजे कोणतीही खरी असली तरी चुकायला नको. असं आठवडाभर चाललं. आठव्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की आपली आवर्तनं रोज दुप्पट होत आहेत, म्हणजे नेम मोडलाच आहे. घरात आले आणि म्हणाले, उद्यापासून.

माझ्या हातात तवा होता. तो मी खाली ठेवला, एवढं बरं केलं. सासूबाई नदीवर धुणं घेऊन गेल्या होत्या, म्हणून मला बोलता आलं.

"तुमचं दर खेपेले शेवटीशेवटीच काऊन मोडते?" मी म्हटलं. "पहिल्या आठवड्यात कधी शिंक नाही आली तुमाले. कधी डोळा नाही लागला. तुमाले ते पुरंच कराचं नाही."

हे पाटावर बसले. बराच वेळ गुडघ्यावरचं ठिगळ चाचपत राहिले.

"पुरं झालं," ते म्हणाले, "अन् काहीच नाही झालं त?"

माझा राग तिथंच बसला. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडावर इतकी भीती मी पाहिली नव्हती. दोन वर्षं मला वाटत होतं की हे माझ्यापासून पळतात.

"मंग माह्याकडे पाहा," मी म्हटलं. "माह्यं बी दर महिन्याले काहीच होत नाही. तरी मी सकाळी उठतेच न."

दुसऱ्या दिवशी हे बसले ते जुन्या चाराला. आभाळाला सरकारी हुकूम लागू नाही, हे माझं म्हणणं त्यांना पटलं होतं. या खेपेला शिंक नाही, डुलकी नाही. मुक्कामाची फेरी आली तर त्यांनी दुसऱ्या कारकुनाशी अदलाबदल केली. महिना उलटला. मी चुटक्या ऐकताना देवाला म्हणायची, ह्यांना काही दाखवायचं असेल ते दाखव, नसेल तर नको, पण पार पडू दे.

तीन दिवस राहिले होते, आणि रोहिणखेडचे मामा मुलीच्या बापाला घेऊन दारात आले. ना निरोप ना काही. रविवार पाहून आले होते. मी चहा घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहिले. सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या की सुनेत दुसरं काही वावगं नाही, पण कूस उजवली नाही, तीन वर्षं वाट पाहिली. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं. आणि मला वाटलं, हे म्हणतील की चार दिवसांनी कळवतो. तेवढंही पुष्कळ होतं. पण मामांनी खिशातून सुपारी काढली. बैठकीत सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग चार दिवसांनी कळवायला काही उरत नाही.

"मामा, थांबा," हे म्हणाले. "हिच्यात काही दोष नाही. दोन वर्षं झाले, मी साधनेले बसून राह्यलो. नेमानं हिच्यापासून दूर हाओ. आईले ठाऊक नाही."

मुलीच्या बापानं चहा पुरा प्यायला, बशी खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि उठला. मामांनी सुपारी परत खिशात घातली. त्यांना जेवून जा म्हणायचंही कोणाला सुचलं नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात माझ्यामागं आल्या.

"काऊन व, तू काऊन नाही बोलली मले?"

"मी बोलली असती, आत्याबाई, त तुमी खरं मानलं असतं?"

त्या खाली बसल्या. माझ्यापुढची भाजीची परात स्वतःकडे ओढून निवडायला लागल्या. माझ्या मनात त्यांच्याविषयी जे साठलं होतं ते तेव्हा उतरलं, सगळं नाही, पण बरंच.

संध्याकाळभर मी वाट पाहत होते की हे आता म्हणतील, उद्यापासून. नेम बाहेर बोलला म्हणजे मंडळ गेलंच होतं, सदतीस दिवस होऊन गेलं. पण जेवण झाल्यावर हे आपली वळकटी उचलून आत घेऊन आले.

पहाटे मला सवयीनं जाग आली. मी चूल पेटवायला उठू लागले, तर अंधारात त्यांनी माझा हात धरला. ते आधीपासूनच जागे होते.

"पड अजून," म्हणाले.

दोन वर्षांत त्यांनी माझ्या हाताला हात लावला नव्हता. मी पडून राहिले.