वरून ओतलेलं तीर्थ

"चपला बाहेर नका ठेवू. गल्लीत दिसतात," आमच्या फॅक्टरीतल्या साहेबांच्या मिसेस म्हणाल्या आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचा रोल माझ्या हातात दिला. "तुम्ही जरा भरून घ्या ना सगळ्यांच्या. जोड्या मिक्स होऊ देऊ नका हं."

मी भरल्या. चाळीसेक जोड असतील. यूएईतल्या उम्म अल कुवैनमधल्या त्या व्हिलाचे पडदे ओढलेले होते, कारण घरात अशी बैठक भरवायला इथे परवानगी नसते. गालिच्यावर आमच्याकडची सगळी मराठी घरं बसलेली. इंजिनिअर, अकाउंटंट, त्यांच्या बायका, मुलं. समोर सोफ्यावर महाराज.

पिशव्यांची तोंडं बांधून मी रांगेत उभा राहिलो. महाराजाने माझं नाव विचारलं, गाव विचारलं. मग विचारलं, "कुलदैवत कोणतं?"

हा प्रश्न कशासाठी असतो ते मला लहानपणापासून माहीत आहे.

"आम्हाला कुलदैवत नाही," मी म्हणालो. "आम्ही बौद्ध."

तो हसला. रागावला नाही. माझ्या पुढच्या माणसाच्या डोक्यावर त्याने हात ठेवला होता, तीर्थाची पळी त्याच्या तळहाताला टेकवली होती. माझ्या वेळी पळी वीतभर वर गेली. पाणी वरून पडलं. अर्धं हातात, अर्धं शर्टाच्या बाहीत.

"ह्यांना दाराशी बसवा," तो म्हणाला. "तिथे मोकळी हवा लागेल."

दार बंद होतं.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळे समजूतदारपणे सरकले आणि त्यांनी मला वाट दिली. मी चपलांच्या पिशव्यांशेजारी बसलो. प्रसाद सगळ्यांना स्टीलच्या वाटीत आला, मला कागदी प्लेटमध्ये. मी म्हणालो, "थँक यू, मॅडम."

हे 'थँक यू' माझ्या कानातून अजून जात नाही.

माझी आई आमच्या गावच्या शाळेत झाडलोट करायची. त्याच शाळेत मी शिकलो. पुढे तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो. घराण्यातला पहिला. स्कॉलरशिपचा फॉर्म स्वतः बसून भरून देणाऱ्या बाई, जुनी पुस्तकं देणारे सर, ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांना मी आजही मनातून नमस्कार करतो. ती कृतज्ञता खरी आहे. पण तिच्यामुळे मला एक खोड लागली. उपकार करणाऱ्याने काहीही दिलं तरी ते दोन्ही हातांनी घ्यायचं.

साहेब आमच्या फॅक्टरीत एचआर मॅनेजर. आम्ही फायबरग्लासच्या पाण्याच्या टाक्या बनवतो. मी हेल्पर म्हणून आलो होतो. साहेबांनी माझी डिग्री पाहिली आणि मला स्टोअरकीपर केलं. खुर्ची दिली, सावली दिली. म्हणून त्या दिवशी बैठक संपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. महाराज थोडे ओल्ड फॅशन्ड आहेत. पण तुमच्यासाठी त्यांनी मोठी सेवा ठेवलीय," तेव्हा मी मान खाली घालून ऐकलं.

सेवा अशी होती. लेबर कॅम्पातल्या कामगारांपर्यंत तीर्थ पोचवायचं. ते लोक व्हिलात यायचे नाहीत, त्यांना कोणी बोलवायचं नाही, आणि व्हिलातलं कोणी कॅम्पात पाऊल ठेवायचं नाही. मधे मी. दर रविवारी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेऊन जायचो आणि भरून आणायचो. महाराज व्हिजिट व्हिसावर आलेला होता, साहेबांकडेच राहत होता. कुणाची रजा अडली, कुणाची पाठ धरली, कुणाच्या बायकोला गावाकडे मूल होत नाही. सगळ्यांवर तेच पाणी.

मला त्या सेवेचा अभिमान वाटायचा, हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

मी कॅम्पातच राहतो. एका खोलीत आठ जण आणि एक छोटा फ्रिज. माझ्या खालच्या बंकवर रघूभाऊ. संगमेश्वरकडचा. साच्यावर रेझिन आणि काचेचं कापड चढवण्यात त्याचा हात धरणारा फॅक्टरीत कोणी नव्हता. त्याला साखरेचा आजार. इन्सुलिनची पेनं फ्रिजच्या दारात, एका निळ्या डब्यात. जेवणाआधी शर्ट वर करून टोचून घ्यायचा आणि म्हणायचा, "चला, इंजिनात तेल घातलं."

एका रविवारी महाराजाने मला सांगितलं, "तुझ्या खोलीत कोणी सुई टोचून घेतो. सुई आणि तीर्थ एका ठिकाणी राहत नाहीत. एकेचाळीस दिवस सुई काढून टाक. मग बघ."

त्याला रघूभाऊबद्दल मीच सांगितलं होतं. तरी ते त्याने ओळखलं असंच मी खोलीत सांगितलं.

रघूभाऊने माझ्याकडे पाहिलं. तो मला मास्तर म्हणायचा. "मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा. बंद करू?"

इन्सुलिन म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलेलं होतं. तोंडात 'नको' आलं होतं. पण साहेबांना कळलं तर? सेवा काढून घेतली तर? दाराशी मिळालेली जागाही गेली तर?

"महाराज म्हणतायत तर काहीतरी असेलच," मी म्हणालो.

"मग काढा तुमच्याच हाताने. तुमचा हात चांगला."

मी निळा डबा काढला. तिथे तीर्थाची बाटली ठेवली. माप बरोबर बसलं.

पाचव्या आठवड्यात रघूभाऊ लंगडायला लागला. सेफ्टी शूज चावलेत म्हणाला. मोजा काढायचा नाही. आठवडाभराने मी क्लिनिकला जाऊ म्हटलं तर म्हणाला, "चारच दिवस राहिलेत, मास्तर. आता मोडलं तर सगळं फुकट." जखम सडत होती. पण आमच्या अंगाला, कपड्यांना, अंथरुणाला रेझिनचा वास असतो. त्या वासाखाली दुसरा वास आठ जणांपैकी एकालाही आला नाही. मी त्याच्या वरच्या बंकवर झोपत होतो.

तो साच्यापाशीच कोसळला. हॉस्पिटलमध्ये मल्याळी नर्सने फाईल उघडून विचारलं, "इन्सुलिन किसने बंद किया?"

रघूभाऊ शुद्धीवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "उसने खुद."

त्याने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

पुढच्या रविवारी मी व्हिलावर गेलो. सवयीने. चपला भरल्या. मग बाटल्या घ्यायला किचनमध्ये गेलो. मॅडम हॉलमध्ये आरतीची तयारी करत होत्या, त्या तिकडूनच म्हणाल्या, "फ्रिजमध्ये आहेत, घ्या." मी फ्रिज उघडला. दारात इन्सुलिनची पेनं होती. तीच कंपनी, तोच रंग.

मी एक पेन हातात घेतलं. साहेबांची मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. वर न बघता म्हणाली, "डोन्ट टच दॅट, अंकल. दॅट्स महाराजजीज. ही नीड्स इट बिफोर लंच."

साहेब पाणी प्यायला आत आले. मी पेन त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हॉलकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, शेवटी शरीर आहे त्यांचंही. औषध तर घ्यावंच लागतं ना? आम्हीही घेतो. बीपीची गोळी मी एक दिवस चुकवत नाही."

"मग रघूभाऊला..."

"त्या लोकांना श्रद्धेचा आधार लागतो. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळायला हवं होतं."

हे शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणून ते जास्त लागलं.

मी हॉलमध्ये गेलो. दाराशी थांबलो नाही. गालिच्याच्या मधोमध गेलो.

"महाराज, तुमचं इन्सुलिन आत फ्रिजमध्ये आहे," मी म्हणालो. "रघूचं मी फ्रिजमधून काढलं. तुम्ही सांगितलं म्हणून. त्याचा पाय कापला."

महाराजाने डोळे मिटले, उघडले. आवाज तसाच, मऊ.

"तीर्थात दोष नव्हता," तो म्हणाला. "कोणाच्या हातून गेलं ते बघा."

मी लोकांकडे पाहिलं. वाटलं, निदान एक जण तरी उठेल. यांच्यात माझ्यासारखेच पदवीधर होते, माझ्याहून मोठ्या डिग्रीवाले होते. एका बाईंनी हळूच मान हलवली. मग आणखी एकाने. पटल्यासारखी. त्यांच्या लेखी रघूभाऊचा पाय इन्सुलिनवाचून गेला नव्हता. माझ्या हाताने गेला होता. माझ्या आईच्या हाताने, तिच्या आईच्या हाताने.

तेव्हा मला आतून अगदी शांत वाटलं. मी ओरडलो नाही. पिशव्या उचलल्या, दार उघडलं, फाटक उघडलं. भर दुपारच्या उन्हात, गल्लीत, भिंतीला लागून एकेक जोड मांडायला लागलो. नीट. जोड्या मिक्स होऊ दिल्या नाहीत. आतून कोणीतरी म्हणालं, "अरे, हा काय करतोय, पोलीस येतील." मग सगळे अनवाणी धावत आले. फरशी तापली होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत स्वतःची चप्पल शोधत होते.

साहेब शेजारी येऊन म्हणाला, "तुमचं व्हिसा रिन्युअल माझ्या टेबलावर आहे. लक्षात ठेवा."

"ठेवतो," मी म्हणालो.

महाराज त्याच आठवड्यात तिथून हलला. तिकडे पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानला कुणाकडे तरी बसतो, असं ऐकतो. तिथेही कॅम्प आहेत. तिथेही पाणी पोचवायला कोणीतरी शिकलेला मिळाला असेल.

रघूभाऊ गावी आहे. परवा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांचा दुसरा पाय बधिर होतोय म्हणतात. त्या महाराजांचं तीर्थ कुणाबरोबर धाडता येईल का? हे म्हणतात, चार दिवस कमी पडले म्हणून झालं."

मी म्हणालो, "वहिनी, ते पाणी होतं. इन्सुलिन मी काढलं. माझी चूक आहे. उद्याच्या उद्या त्यांना डॉक्टरकडे न्या."

त्यांनी फोन बंद केला. त्या डॉक्टरकडे गेल्या की नाही, मला माहीत नाही. माझा फोन आता त्या उचलत नाहीत.

खोलीतल्या फ्रिजच्या दारात ती जागा रिकामी आहे. तिथे कोणी काही ठेवत नाही. मी ठेवू देत नाही.

नर्सने विचारलेल्या प्रश्नाचं मी तेव्हा खोटं उत्तर दिलं. खरं उत्तर आता कागदावर लिहून ठेवलंय. बंद कर असं महाराजाने सांगितलं. निरोप न्यायला साहेबाने मला नेमलं. काढलं मी. तिघांची नावं आहेत, माझं सगळ्यांत वर. उद्या सकाळी तो कागद घेऊन मी आधी हॉस्पिटलमध्ये जाणार, मग पोलीस स्टेशनला. व्हिसाचं जे व्हायचं ते होईल. पण यापुढे कोणी माझ्या हातावर वरून काही ओतायला लागलं तर हात पुढे नसेल.