सायीच्या डब्यातलं क्रीम

सुनेने नोकरी सोडून दुपारच्या चहासोबतच्या खाण्याच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा स्कोन तिचे आणि त्यावरचं क्रीम माझं, अशी वाटणी झाली. स्कोन म्हणजे धड पाव नाही, धड बिस्किट नाही. पण क्रीम चांगलं असेल तर लोक तेही कौतुकाने खातात. मी गुलकंदाचं, केशर-वेलचीचं आणि आल्याच्या पाकाचं क्रीम करायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच कुणाचं तरी माझ्यावाचून अडत होतं, आणि ते मला फार आवडत होतं.

मग विहीणबाई लोणी काळभोरहून पंधरा दिवस राहायला आल्या. पिशवी ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "काय काम हाय का?" काम मागणाऱ्या पाहुण्यांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. मी त्यांना तुपासाठी साय साठवायचा स्टीलचा डबा दाखवला आणि रोज संध्याकाळी त्यात चमचाभर विरजण लावायला सांगितलं. तेवढंच. क्रीमच्या आसपास फिरकू नका, हे फक्त तोंडाने म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी त्या माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "गुलकंद किती घालता वो?"

"अंदाजाने," मी म्हणाले.

धंदा लेकीचा, उद्या क्रीमही आईच्या हातचं. मग सासूचं काम काय? मला सगळं स्वच्छ दिसलं. दुसऱ्या दिवशी मी साय पातेल्यात काढून फ्रीजमधल्या लोणच्याच्या बरणीमागे ढकलली आणि डेअरीतून आणलेलं क्रीम त्या सायीच्या डब्यात लपवलं. तिथे कोण बघणार? स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

सकाळी क्रीम फेटलं. फुललं छान, पण चव आंबट. पुढच्या सकाळीही तेच. सून चमचा चाटून हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला हल्ली चव नीट कळते ना?" शनिवारी चाळीस जणांची ऑर्डर होती, तिची पहिली मोठी. पुन्हा आंबट झालं तर ती विकतचं तयार फेटलेलं क्रीम आणणार, आणि एकदा विकतचं घरात आलं की मी उरणार फक्त दाराची बेल वाजली की उठण्यापुरती.

शुक्रवारी मी डब्याला दोरा बांधला. संध्याकाळी बघते तर गाठ निराळी. मी सुनेला हाक मारली आणि तिच्यादेखत विहीणबाईंना म्हणाले, "अहो, माझा हेवा वाटला तर वाटू दे. पण पोटच्या लेकीच्या ऑर्डरीत लिंबू पिळताना हात कसा धजावला?"

त्या डब्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "लिंबू? आवो, तुमीच सांगितलं व्हतं की, ह्या डब्यात रोज इरजण लावा म्हनून. परवा लावलं, काल लावलं. आज दोरा व्हता, तो सोडून लावलं आन् परत बांधला."

सुनेने डबा उघडून वास घेतला. मग फ्रीजमधली लोणच्याची बरणी बाजूला सरकवून मागचं पातेलं काढलं आणि ओट्यावर ठेवलं. "फ्रीजमध्ये जागा नव्हती," असं काहीतरी मी पुटपुटले. 'माझं चुकलं' एवढं म्हणायचं होतं, ते तोंडातून निघालं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

शनिवारी सकाळी सून तिच्या आईला स्कूटरवरून स्वारगेटच्या स्टँडवर सोडून आली. पंधरा दिवसांतले पाचच झाले होते. मी ताज्या क्रीमचे तिन्ही प्रकार केले. ते उत्तम झाले, लोकांनी फोन करून तसं कळवलं, आणि सुनेने तो निरोप मला हसून सांगितला.

हल्ली मात्र ती फ्रीज उघडून थांबते. एखाद्या डब्यावर बोट ठेवते आणि विचारते, "आई, हा मी घेतला तर चालेल ना?" फ्रीज तिच्याच पगारातून घेतलेला. "अगं, घे की," मी म्हणते. तरी ती दर वेळी विचारते.