अनुजाची वाळलेली मांडी

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं आणि हातकणंगल्याच्या अनुजा पैलवानाची उजवी मांडी पार वाळून गेली. पुन्हा आखाड्यात उतरता येईल का, हाच तिला घोर. तालमीतल्या पोरी रोज मांडी दाबून बघायच्या आणि चुकचुकायच्या.

चुलतभाऊ पृथ्वीराज चार दिवस जिमला गेलेला, म्हणजे निम्मा डॉक्टरच. "हार्मोनचं इंजेक्शन घे की. मांडी खांबागत हुतीया!"

अनुजानं कोल्हापुरात डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "स्नायू वाढतीलही, पण ऑपरेशननंतर त्याचा कितपत उपयोग होतो, हे अजून पक्कं नाही. शिवाय खेळाडूंना त्याची बंदी आहे."

"मग न्हाय घेत," अनुजा म्हणाली. पुढं वर्षभर व्यायामानं तिला रडवलं, पण तिनं एक दिवस चुकवला नाही, आणि मांडी पुन्हा भरून आली.

पेठ वडगावच्या मैदानात तिनं पहिल्याच कुस्तीत समोरच्या पोरीला चितपट केलं. त्या पोरीचा वस्ताद ओरडला, "इंजेक्शनाची मांडी हाय ही! तपासा!"

वडील उदयसिंह बाह्या सरसावून उठले. अनुजानं त्यांना खाली बसवलं.

"आबा, भांडताय कशाला? एवढं कौतुक आजवर कुणी केलंतं व्हय?" आणि मान ताठ ठेवून ती पंचांना म्हणाली, "कुठं तपासताय सांगा. चला."